छातीचा एक्सरे स्वच्छ, मग डोळ्यात टीबी कसा?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत, यंत्रमागावर जॉबर आहेत. सात-आठ महिन्यांपूर्वी त्यांना उजव्या डोळ्यापुढे करडा डाग दिसायला लागला. दुखत नव्हतं, डोळा लालही नव्हता. सासूबाई म्हणाल्या, मागावरचं तूस गेलं असेल. एका डॉक्टरांनी डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. महिनाभर छान वाटलं, गोळ्या कमी केल्यावर डाग परत आला, तोही पहिल्यापेक्षा मोठा. मग कोल्हापूरला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोळ्याचे फोटो काढले आणि कागदावर ‘मल्टिफोकल सर्पिजिनॉइड कोरॉइडायटिस, टीबीची शक्यता’ असं लिहिलं. टीबीसाठी हातावर टोचतात ती मॅन्टू चाचणी १८ मिलिमीटर आली. क्वांटिफेरॉन नावाची टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह, आकडा ४.२. त्यांनी नऊ महिने टीबीच्या गोळ्या सांगितल्या. पण छातीचे डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले, छाती स्वच्छ आहे, टीबी नाही. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. डोळ्यातलं पाणी काढून तपासा म्हटलं तर पडद्याचे डॉक्टर म्हणतात, त्यातही जंतू सापडेलच असं नाही. जंतू दिसलाच नाही तर टीबी आहे हे कशावरून? नऊ महिने असल्या गरम गोळ्या कशाच्या भरवशावर खायच्या? घरात चार वर्षांची मुलगी आहे, सासूबाई तिला वडिलांजवळ फिरकू देत नाहीत. आम्ही कोणाचं ऐकायचं?

उत्तर

ताई, तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. छातीच्या डॉक्टरांनी फुप्फुसात टीबी आहे का, एवढ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. डोळ्यात आहे का, हे त्या एक्सरेवरून सांगता येत नाही. डोळ्याच्या टीबीच्या कितीतरी पेशंटांचा छातीचा एक्सरे अगदी साफ असतो. खोकला नसतो, संध्याकाळचा ताप नसतो, भूकही चांगली लागते. टीबी म्हटला की खोकणारा, खंगलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. धडधाकट जॉबर बघून ‘ह्यांना कसला टीबी’ असं घरच्यांना वाटणारच.

होतं असं की जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतो. बहुतेकांच्या शरीरात त्याला तिथेच कोंडलं जातं आणि त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण कोंडला जाण्याआधी त्यातले थोडे जंतू रक्तातून इतरत्र जाऊन बसू शकतात. डोळ्यात पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर असतो. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातला मोठा वाटा ह्या थरातून वाहतो. त्यामुळे रक्तातून आलेला जंतू अडकायचा तर इथेच जास्त करून अडकतो. तुमच्या मिस्टरांचा आजारही ह्याच थरात आहे. कोरॉइडायटिस म्हणजे तिथली सूज. सासूबाईंना सांगा, मागावरचं तूस डोळ्याच्या पुढच्या भागाला टोचतं, खाज आणतं, पाणी आणतं. कोरॉइडपर्यंत ते पोचत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जंतू दिसल्याशिवाय टीबी कशावरून म्हणायचा?

मानेत गाठ आली तर सुई घालून तुकडा काढता येतो, थुंकी तर रोज हवी तितकी मिळते. डोळ्यात असं काही करता येत नाही. कोरॉइडचा तुकडा काढायचा म्हणजे त्या जागची नजर पणाला लावायची. बुबुळाच्या आतलं पाणी बारीक सुईने काढता येतं, पण ते एक-दोन थेंबच. शिवाय तुमच्या मिस्टरांचा आजार आहे डोळ्याच्या मागच्या भागात. पुढच्या पाण्यात त्याचा मागमूस असेलच असं नाही. मुळात डोळ्याच्या टीबीत जंतू असतात फार थोडे. काही पेशंटांत तर डोळ्यातली सूज ही जंतूंपेक्षा शरीराने त्यांच्याविरुद्ध केलेल्या प्रतिकाराचीच जास्त असते. म्हणून कल्चर लावलं, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला, तरी आठवडेच्या आठवडे वाट पाहून बहुधा काही उगवत नाही. जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआरची तपासणी जलद होते. ती पॉझिटिव्ह आली तर हातात भक्कम पुरावा येतो. निगेटिव्ह आली तर आपण होतो तिथेच. थुंकीसाठी उत्तम चालणारं जीनएक्सपर्ट यंत्रसुद्धा डोळ्याच्या दोन थेंबांत अनेकदा रिकाम्या हाताने परत येतं. तुमचे पडद्याचे डॉक्टर ‘सापडेलच असं नाही’ म्हणाले, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. उलट प्रामाणिकपणे बोलले. निदान अडलं किंवा औषध लागू पडेना, तर ही तपासणी करायची वेळ येते. पहिल्या दिवशी सगळ्यांची करायची ती नव्हे.

तेव्हा आम्ही सुरुवात करतो ती डोळ्याच्या चित्रापासून. रक्ताचे रिपोर्ट नंतर. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे, कारण पेशंट येतात तेव्हा हातात आधी रिपोर्टांची फाइल असते आणि डोळा कोणी नीट पाहिलेलाच नसतो.

तुमच्या कागदावरचे ते अवघड शब्द ह्या सगळ्यात सगळ्यांत मोलाचे आहेत. सर्पिजिनॉइड म्हणजे नागमोडी पसरत जाणारा. बाहुली मोठी करायचे थेंब घालून भिंगातून आत पाहिलं की पडद्यामागे पिवळसर चट्टे दिसतात. सुरुवातीला सुटे सुटे, मग एकमेकांना मिळत जाणारे. मधला भाग बरा होऊन काळपट होतो आणि कडा मात्र पुढे सरकत राहते. ऑटोफ्लुरोसन्स नावाच्या फोटोत ही जिवंत कडा चमकते, विझलेला भाग काळा दिसतो. असा दुसराही एक आजार आहे, नुसता सर्पिजिनस कोरॉइडायटिस, आणि त्याचा टीबीशी संबंध नाही. तो सहसा डोळ्याच्या नसेला खेटून सुरू होतो, बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो आणि डोळ्यातल्या जेलीत सूज जवळपास नसते. टीबीच्या प्रकारात चट्टे विखुरलेले असतात, नसेपासून बरेचदा लांब असतात आणि जेलीत सुजेच्या पेशी तरंगताना दिसतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘मल्टिफोकल’ हा शब्द लिहिला, तो ह्याच कारणाने.

आपल्याकडे हे चित्र ओळखण्याचं आणि त्याचा टीबीशी असलेला संबंध लावण्याचं मोठं काम चंडीगडच्या पीजीआय ह्या वैद्यकीय संस्थेत झालं. डॉ. अमोद गुप्ता आणि डॉ. विशाली गुप्ता ही त्यातली दोन नावं. पुढे अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘कॉट्स’ नावाचा गट केला. उपचार कधी सुरू करायचे ह्याच्या सूचना त्यांनी डोळ्याच्या प्रत्येक चित्रासाठी वेगळ्या लिहिल्या. सर्पिजिनॉइड कोरॉइडायटिससारखं बोलकं चित्र असेल तर त्यांना कमी पुरावा पुरतो. डोळ्याच्या पुढच्या भागात नुसती सूज असेल, तर ती शंभर कारणांनी येते, म्हणून तिथे ते जास्त पुरावा मागतात.

आता मॅन्टू. ही चाचणी सोपी दिसते, पण तिचं वाचन वाटेल तसं होतं. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी बघतात. मोजायचा असतो तो कडक झालेला फुगीर भाग. भोवतीची लाली मोजायची नसते. नीट मोजणारा माणूस बॉलपेन घेतो, बाहेरून फुगवट्याच्या दिशेने हलक्या हाताने रेघ ओढत आणतो आणि पेन जिथे अडतं तिथे थांबतो. मग समोरच्या बाजूने तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं आडवं अंतर पट्टीने मोजतो. तुमच्या मिस्टरांचं असं मोजलं होतं की लांबूनच बघून ‘१८’ लिहिलं होतं, एवढं आठवून बघा. लाली धरून १८ आणि फुगवटा १८, ह्यात फरक आहे. आपल्याकडे १० मिलिमीटरच्या वर पॉझिटिव्ह धरतात. लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे किंवा मातीपाण्यातल्या टीबीच्या चुलत जंतूंमुळेही ती फुगू शकते. क्वांटिफेरॉनला बीसीजीचा अडथळा येत नाही. त्या चाचणीत ०.३५ ही सीमारेषा आहे. ०.४, ०.५ असे काठावरचे आकडे आले तर मी त्यावर फारशी भिस्त ठेवत नाही, कारण तेच रक्त पुन्हा तपासलं तर उत्तर उलटं येऊ शकतं. तुमचा ४.२ हा आकडा काठावरचा नाही.

पण ह्या दोन्ही चाचण्यांची मर्यादा एकच. त्या फक्त सांगतात, ह्या शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती. कधी पडली, जंतू आता झोपलाय की जागा आहे, डोळ्यात आहे की नाही, ह्यातलं काहीच सांगत नाहीत. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची पाहणी झाली. त्यात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत टीबीचा असा दबलेला संसर्ग आढळला. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या धडधाकट लोकांचं रक्त काढलं तर दर तिघांत एखादा पॉझिटिव्ह निघेल, आणि त्यातल्या जवळपास कोणालाच औषधाची गरज नसेल. म्हणून नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर कोणी गोळ्या सुरू करत असेल तर मी त्याला विरोध करेन. तुमच्याकडे आधी चित्र आहे, मग त्याला जुळणारे रिपोर्ट आहेत. ह्यात फार फरक पडतो.

जाता जाता, रक्तातली ‘टीबी आयजीजी, आयजीएम’ नावाची तपासणी कोणी केली असेल तर ती विसरून जा. तिचा भरवसा नाही म्हणून आपल्या सरकारने २०१२ साली तिच्यावर बंदी घातली आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मी ती दोनदा वाचली. स्टेरॉइड घेतल्यावर महिनाभर बरं वाटलं, कमी करताच डाग परत आला आणि वाढला. सूज दबली, पण सुजेचं मूळ राहिलं, तर असं होतं. टीबी आत असताना एकट्या स्टेरॉइडवर राहणं धोक्याचं, कारण जंतूला आवरणारी शक्तीच ती औषधं कमी करतात. अर्थात दुसऱ्या सुजेच्या आजारांतही स्टेरॉइड कमी केल्यावर त्रास उलटतो, तेव्हा एवढ्यावरून टीबी ठरत नाही. संशय मात्र वाढतो. अजून गोळ्या चालू असतील तर हे वाचून त्या एकदम बंद करू नका. अनेक आठवडे घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो.

मी तुमच्या मिस्टरांचा डोळा पाहिलेला नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून पारडं टीबीकडे बऱ्यापैकी झुकतंय असं मला वाटतं. तरी गोळ्या सुरू होण्याआधी दोन कामं राहिलेली दिसतात.

पहिलं, छातीचा सीटी स्कॅन. साध्या एक्सरेत हृदयाच्या मागे, श्वासनलिकेच्या बाजूला असलेल्या गाठी लपून राहतात. सीटीत त्या दिसतात, फुप्फुसातला जुना बारीकसा व्रणही दिसतो. समजा गाठी दिसल्या, तर दुर्बिणीतून सुई घालून त्यांचा नमुना घेता येतो. डोळ्यातून न मिळणारा जंतू तिथे मिळाला तर तुमचा सगळा वाद तिथेच मिटेल. आणि जंतू मिळाला तर तो कोणत्या औषधांना दाद देत नाही हेही कळतं. म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे परत जा. भांडायला नको. कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, डोळ्याचे फोटो आणि हे दोन आकडे घेऊन जा आणि विचारा, ‘डोळ्यात असं दिसलंय, तर छातीचा सीटी करून बघायचा का?’ नुसता एक्सरे समोर असताना दिलेलं उत्तर आणि हे सगळं समोर असताना दिलेलं उत्तर वेगळं येऊ शकतं.

दुसरं, टीबीची नक्कल करणारे आजार वगळायचे. त्यात सिफिलिस हा पहिला. हा गुप्तरोग, म्हणून त्याच्या व्हीडीआरएल आणि टीपीएचए ह्या रक्ततपासण्या लिहून दिल्या की नवरा-बायको दोघांचे चेहरे उतरतात. मी तर ही तपासणी डोळ्याच्या आतल्या सुजेच्या प्रत्येक पेशंटची करते, आजीबाईंचीसुद्धा. त्यात कोणाच्या चारित्र्याची चौकशी नसते. सिफिलिस डोळ्यात कोणतंही सोंग घेऊ शकतो आणि पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो, म्हणून तो हुकणं परवडत नाही. त्याच रक्तात एचआयव्ही आणि साखर बघून घ्यायची. सारकॉइडोसिस नावाचा आजार तर टीबीसारखाच दिसतो, गाठीही तशाच करतो. गंमत म्हणजे त्याचं मुख्य औषध स्टेरॉइडच. सीटीचा उपयोग तो ओळखायलाही होतो. ह्यातलं काही आधीच झालं असेल तर उत्तमच, फाइल चाळून बघा.

हे सगळं टीबीच्याच बाजूने आलं, तर गोळ्या घ्या आणि पूर्ण घ्या. पूर्वी काही ठिकाणी ‘दोन-तीन आठवडे एक औषध देऊन बघू, फरक पडला तर टीबी’ अशी पद्धत होती. ती आता चालत नाही. एकट्या औषधाने जंतू निर्ढावतो आणि दोन आठवड्यांत डोळ्याचा निकालही लागत नाही. सुरुवातीला चार औषधं, पुढे कमी, असे सहा ते नऊ महिने. डोळ्यात बरेचदा नऊकडे कल असतो. त्यांच्या आडोशाने सुजेसाठी स्टेरॉइडही द्यावं लागू शकतं. ह्यातलं रिफाम्पिसिन स्टेरॉइडचा जोर कमी करतं, म्हणून तो डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. तुम्ही स्वतः गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तुमच्यावर काही परिणाम नाही, पण हेच औषध बाईला चालू असतं तेव्हा त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. पत्र छापलं जाणार आहे म्हणून इतर वाचक बायकांसाठी हे सांगून ठेवते.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही जणांचा डाग आधी वाढतो. जंतू मरताना शरीराचा प्रतिकार उसळतो म्हणून असं होतं. घरचे अशा वेळी म्हणतात, ‘बघा, निदानच चुकलं,’ आणि गोळ्या केराच्या टोपलीत जातात. त्या वेळी कोल्हापूर गाठायचं, फोटो पुन्हा काढायचे. सूज आवरायचा मार्ग असतो. मात्र दोन-तीन महिने पूर्ण औषध घेऊनही कडा पुढे सरकतच राहिली, तर निदान नव्याने तपासायला हवं. तेव्हा डोळ्यातलं पाणी काढायचं, औषधांना न जुमानणारा जंतू आहे का हे बघायचं.

‘गरम गोळ्या’ ह्या तुमच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. त्यांचा यकृतावर ताण येतो, म्हणून आधी आणि मध्ये मध्ये यकृताची रक्ततपासणी करायची. उलट्या व्हायला लागल्या, जेवण जाईना किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दारू घेत असतील तर ती बंद. लघवी नारिंगी होईल, त्याला घाबरायचं कारण नाही. पण डोळ्याच्या पेशंटला मी सगळ्यांत जास्त बजावते ते ह्या चार औषधांतल्या इथांब्युटॉलबद्दल. हे औषध क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं, आणि आपण तर नजर वाचवायला निघालोय. गोळ्या सुरू व्हायच्या आधी नजर आणि रंग ओळखण्याची तपासणी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी करून कागदावर नोंदवून घ्या, मग दर महिन्याला. घरी रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. चांगल्या डोळ्यालाही रविवारची लाल तारीख फिकी किंवा मातकट दिसायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

खर्चाचं म्हणाल तर ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. खासगी डॉक्टरांनाही टीबीच्या पेशंटची नोंद सरकारच्या ‘निक्षय’ ह्या टीबीच्या पोर्टलवर करावीच लागते. तशी नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँकेत जमा होतात. नोंदीमुळे गल्लीत बोभाटा होत नाही.

आता छकुलीचं. डोळ्यातला टीबी कोणालाही लागत नाही. अश्रूंतून नाही, टॉवेलमधून नाही, ताटवाटीतून नाही, मांडीवर बसल्याने तर नाहीच. सीटीत फुप्फुसात चालू असलेला टीबी निघाला तरच घरातल्या सगळ्यांची तपासणी, आणि पाच वर्षांखालची म्हणून मुलीची सगळ्यांत आधी. एरवी तिला खुशाल वडिलांजवळ खेळू द्या. खरं विचारायचं ते उलट आहे: मिस्टरांना हा जंतू कधीतरी कोणाकडून तरी मिळाला. तेव्हा घरात किंवा मागावर कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का ते बघा, आणि असेल तर त्यांची थुंकी तपासून घ्या. सासूबाईंना असेल तर त्यांचीसुद्धा.